दांडा ओढला की वर

माझा दादा चाकणच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवतो. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीने माणूस सोडाच, भिंतीचा रंगसुद्धा खरवडलेला नाही. त्या माणसाला एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, हातात खेळातला कंट्रोलर दिला आणि पाच मिनिटांत अपघात करणारा ठरवलं. तो खेळ आमच्या ऑफिसात तयार झाला होता आणि तो तपासून ‘ठीक आहे’ असं लिहिणारी मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्या लोकांवर चिडणार आहे त्यांत पहिला नंबर माझा आहे.

आमचं ऑफिस तळवड्याला. छोटीशी कंपनी आहे, कारखान्यांसाठी सिम्युलेटर बनवते. म्हणजे पडद्यावर खोटं गोदाम, खोटी फोर्कलिफ्ट, खोटे खोके. नवशिक्याने खऱ्या गाडीला हात लावायच्या आधी इथे हव्या तेवढ्या चुका करून घ्याव्यात, कुणाचं काही मोडत नाही. हेतू चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तिथे टेस्टर. सगळं वापरून बघायचं, चूक सापडली की तिची नोंद करायची, चूक दुरुस्त झाली की नोंद बंद करायची.

पहिल्या आराखड्यात खऱ्या गाडीसारखं सीट होतं, स्टिअरिंग होतं, पायाखाली पेडल होती, उजव्या हाताशी लोखंडी दांडे होते. मग ते अवजड होतंय, टेम्पोतून न्यावं लागेल, जोडायला माणूस लागेल, अशी कुरकुर सुरू झाली. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, “गेमचा कंट्रोलर देऊ की, आजकाल सगळेच खेळतात.” सगळेच म्हणजे कोण, तर त्या खोलीत बसलेले सगळे. त्यांतला एकही जण कधी फोर्कलिफ्टवर बसला नव्हता. माना हलल्या, चहा आला आणि विषय संपला.

आणि मी? मला तर कळायला हवं होतं. मी या कामाला लागले तेव्हा कंट्रोलर हातात धरायचासुद्धा कसा ते मला येत नव्हतं. त्याला अंगठ्याने फिरवायच्या दोन काड्या असतात, एक चालायला, एक बघायला. माझ्या हातातला माणूस चालता चालता भिंतीला डोकं लावून उभा राहायचा, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचा. ऑफिसातली पोरं म्हणायची, “मॅडम छताचं इन्स्पेक्शन करतायत.” एकदा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तीन महिन्यांनी बोटं आपोआप चालायला लागली, आणि त्यानंतर नवीन आलेल्या मुलीचा माणूस भिंतीला डोकं लावून उभा राहिला तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले. एकदा जमायला लागलं की आपल्याला कधी जमत नव्हतं, हेच माणूस विसरतो. मी तर फारच लवकर विसरले.

खेळ जवळपास तयार झाल्यावर आम्ही शेजारच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या ऑपरेटरला बोलावलं होतं. त्याने दोन मिनिटं कंट्रोलर हाताळला आणि म्हणाला, “ताई, हे उलटं आहे.” फोर्कलिफ्टच्या पुढे जे दोन लोखंडी दात असतात त्यांना फोर्क म्हणतात. खऱ्या गाडीत उजव्या हाताचा दांडा स्वतःकडे ओढला की फोर्क वर जातात आणि पुढे ढकलला की खाली येतात. आमच्या खेळात काडी पुढे ढकलली की फोर्क वर जायचे, ओढली की खाली. मी इमानदारीने नोंद केली. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं उत्तर आलं की सगळ्या गेममध्ये असंच असतं. उलटसुलट करायची सोय त्याने आत लिहून ठेवली होती, पण मेन्यूत गर्दी नको म्हणून ती झाकलेली होती. माल द्यायच्या आदल्या आठवड्यात वरून विचारणा झाली, एवढ्या नोंदी उघड्या का? मी ती नोंद बंद केली. बंद करताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, ‘वापरकर्त्यांना सवय होईल.’

आम्ही कासारवाडीला राहतो. घरात दादा, वहिनी आणि मी. दादा कंत्राटावर. एकोणीस वर्षांत कंत्राटदार चार झाले, गेट तेच, गाडीही तीच. त्याच्या कारखान्यात कायम माणसांचा शर्ट निळा आणि कंत्राटी माणसांचा राखाडी. निळ्या शर्टाला कंपनीची बस असते. राखाडी शर्ट भोसरी, मोशी करत ट्रकांच्या मधून मोटरसायकल घालत जातो. मागच्या पावसाळ्यात दादा मोशीच्या पुढे दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मागचा ट्रक वेळेत थांबला, म्हणून आज मी हे लिहितेय. आमच्या घरात निळ्या शर्टाचा विषय निघाला की वहिनी हळू आवाजात बोलायची, दृष्ट लागेल म्हणून.

आणि एक दिवस नोटीस लागली की काही ऑपरेटरांना कंपनी कायम करणार. वय पंचेचाळीसच्या आत हवं. दादाला पंचेचाळीस पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले होते. म्हणजे हीच वेळ, पुन्हा नाही. परीक्षा सिम्युलेटरवर होणार होती.

“म्याडम, तुमच्याच कंपनीचा गेम हाय म्हणं,” दादा जेवताना म्हणाला. मी कॉम्प्युटरवर काम करायला लागल्यापासून तो मला म्याडम म्हणतो, चिडवायला.

“घरी आणून दाखवू का एकदा?” मी विचारलं.

“नको. बाकीच्यांची बहीण कुठं हाय त्या कंपनीत? कॉपी केल्यासारखं व्हईल. अन् गाडीच चालवायचीय ना? त्यात काय बघायचं.”

मी आग्रह केला नाही. त्या क्षणी मला ती बंद केलेली नोंद आठवली होती. आठवून मी भाजी वाढून घेतली. दादा नको म्हणाला याचं मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची आज लाज वाटते.

परीक्षेच्या दिवशी यंत्रणा चालवायला ऑफिसने मलाच पाठवलं. ओळख दाखवायची नाही, हे दादाने आधीच बजावलं होतं. प्रशिक्षणाच्या खोलीत कार्पेट होतं म्हणून सगळ्यांना सेफ्टी शूज बाहेर काढायला लावले होते. मोजे घातलेली वीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती आणि आपापल्या मोज्यांची भोकं लपवत होती. कंपनीचे प्रशिक्षण अधिकारी टेबलापाशी बसून सारखे घड्याळ बघत होते.

पहिला आला तो तिशीतला एक ऑपरेटर. त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता. कंट्रोलर हातात घेताच त्याचे अंगठे बरोबर जागेवर गेले. वेळ शिल्लक ठेवून त्याने खोके रॅकवर चढवले, टाळ्या झाल्या. माझा त्याच्यावर राग नाही. तो बिचारा दहा वर्षं नकळत याच परीक्षेचा अभ्यास करत होता.

मग दादाचं नाव पुकारलं. खऱ्या गाडीवर बसायच्या आधी चांगला ऑपरेटर तिच्याभोवती एक फेरी मारतो. टायर बघतो, साखळी बघतो, खाली तेल गळलंय का ते बघतो. दादाने त्या प्लास्टिकच्या खुर्चीभोवती फेरी मारली. वाकून खाली बघितलं. आपण काय करतोय ते त्याच्या लक्षात आलं, पण तोवर मागे हशा पिकला होता. बसल्यावर त्याचा हात कमरेचा पट्टा शोधायला गेला. पुन्हा हशा.

गाडी धक्के खात निघाली. दादाचा वेग पायात असतो, इथे तो बोटाच्या टोकाशी होता. खोक्यांपाशी पोचल्यावर त्याने काडी ओढली. फोर्क खाली गेले आणि जमिनीला घासले. त्याने आणखी ओढली. एकोणीस वर्षं जे केलं तेच त्याने केलं, आणि जितकं जास्त बरोबर केलं तितकं ते जास्त चुकत गेलं. त्याने एकदाच माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

पुढे वळण होतं. वळणावर हॉर्न द्यायचा, हा दादाचा नेम. हॉर्नसाठी डावी काडी आत दाबायची होती, टक् आवाज येईपर्यंत. खेळणाऱ्यांना ते ठाऊक असतं, बाकीच्यांना सांगितल्याशिवाय सापडत नाही. दादाचा अंगठा सगळीकडे फिरला. पडद्यावर वळणापलीकडून एक माणूस चालत आला. आम्हीच ठेवला होता तो, परीक्षा म्हणून.

“ए भाऊ! बाजूला हो!” दादा पडद्यावर ओरडला, आणि त्याचा उजवा पाय जोरात कार्पेटवर आपटला. ब्रेक होता तो. त्याने जमिनीत पाय रोवला, गुडघा ताठ झाला, मानेच्या शिरा फुगल्या. गाडी थांबली नाही, कारण ब्रेक डाव्या हाताच्या बोटाशी होता. खोलीत लोक पोट धरून हसत होते. दादा खुर्चीतून अर्धवट उठला आणि मान उंचावून पडद्याच्या खालच्या कडेकडे बघायला लागला, तो माणूस कुठे पडला ते बघायला.

पडद्यावर लाल अक्षरं आली. ‘गंभीर अपघात. पादचारी मृत. चाचणी समाप्त.’ मराठी माझंच होतं.

“मर्डर केला राव!” कुणीतरी मागून म्हणालं. अधिकारी म्हणाले, “पुढचे या.” दादाने कंट्रोलर दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन शूज घातले. लेस त्याने दोनदा सोडून पुन्हा बांधली, ते मी दारातून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन आमच्या मॅनेजरसमोर उभी राहिले. सांगितलं की नापास झालेले सगळे चाळिशीच्या पुढचे आहेत, सगळ्यांनी काडी ओढली, आणि आपल्याकडे सोय लिहून तयार आहे, फक्त उघडायची आहे.

“आता नाही बदलता येणार. पास झालेले म्हणतील, आमची परीक्षा वेगळी होती. सगळ्यांना एकच कंट्रोलर, एकच खेळ. याहून न्याय्य काय असतं?”

“एकाला त्याच्या हातचं दिलं आणि दुसऱ्याला उलटं दिलं, ते एकच कसं झालं?”

ते हसले. “अहो, नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत आहे ही. ऑपरेटर लोकांना नवीन काही नकोच असतं.”

माझं डोकं फिरलं. “सर, त्यांना नाचता येतं. अंगणच वाकडं आहे, आणि ते आपण वाकडं केलंय!” सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मॅनेजर शांतपणे म्हणाले, “त्या मुद्द्याची नोंद झाली होती ना? मग ती बंद कुणी केली?” मी जागेवर येऊन बसले, आणि दिवसभर कुणी काही विचारलं तरी मी अंगावर ओरडत होते. पुढच्या आवृत्तीत ती सोय आली, ‘छोटी सुधारणा’ म्हणून. तोवर दादाची पंचेचाळिशी उलटली होती.

कारखान्याने मात्र परीक्षेनंतर लगेच एक केलं. नापास झालेल्यांना दोन आठवड्यांनी आणखी एक संधी दिली, आणि ज्याला जमेल त्याने सराव करावा असं सांगितलं. सरावाला आता आडकाठी नव्हती. मी ऑफिसात सही करून एक संच घरी आणला आणि आमच्या टीव्हीला जोडला.

दादा पहिल्या शिफ्टहून यायचा, हातपाय धुवायचा आणि खेळायला बसायचा. मी मास्तरीण झाले. “ढकल म्हणजे वर. ओढणं विसर आता. म्हण, ढकल म्हणजे वर.” पाढे घोकवतात तसं मी त्याच्याकडून ते घोकून घेतलं. तो चुकला की मी त्याच्या अंगठ्यावर चापट मारायचे. “अगं, लहान भाऊ हाय का मी तुझा?” तो म्हणायचा, पण घोकायचा. चौथ्या दिवशी हॉर्न जमला तेव्हा त्याने तो मुद्दाम इतक्या वेळा वाजवला की शेजारच्या काकू बघायला आल्या. आठवड्याभरात त्याचे फोर्क न अडखळता वर जायला लागले. वळणावरचा माणूस आला की त्याचं बोट ब्रेकवर जायचं आणि पाय जमिनीवर गप्प असायचा. नवव्या दिवशी तो पास झाला, तेही वेळ राखून. वहिनीने शिरा केला. मीही फुशारले होते, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, फिटलं माझं पाप.

परीक्षेच्या दोन दिवस आधी दादा कामावरून आला आणि हातपाय न धुताच बसला. कंट्रोलर टीपॉयवर होता. त्याने खिशातून एक हातमोजा काढून त्याच्या शेजारी ठेवला. कामगार वापरतात तो जाड पांढरा मोजा. त्याची चार बोटं चपटी होऊन काळी पडली होती.

वहिनी हातातलं काम टाकून जवळ आली. मी विचारलं, “कुणाचा आहे?”

“आमच्यातल्याच एकाचा. ट्रकमधून माल उतरवत व्हतो. त्यानं लाकडाचा ठोकळा सारायला मालाखाली हात घातला अन् खुणावलं, जरा वर घे. मी घेतलं.” त्याने उजवा हात हवेत पुढे नेला. “मी दांडा ढकलला.”

फोर्क खाली आले होते. पाचसातशे किलोचा माल घेऊन. त्या माणसाने हात ओढला तेव्हा हात बाहेर आला आणि मोजा आत राहिला. तसूभराचा फरक.

“त्यो हसला नंतर,” दादा म्हणाला. “म्हणला, काका, तुम्ही दमलात आज. मी दमलो नव्हतो गं. माझ्या डोक्यात ढकल म्हणजे वर, असंच आलं. तू शिकवलं तसं. सवय झाली मला.”

नोंद बंद करताना मी लिहिलेले शब्द त्याला माहीत नव्हते. आजही माहीत नाहीत. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, मॅनेजरच्या मारावीशी वाटली, त्या मीटिंगमध्ये माना हलवणाऱ्या प्रत्येकाच्या.

दादा म्हणाला, “परवा मी जात नाही परीक्षेला.”

वहिनी लगेच म्हणाली, “अवो, दोनच दिवस राहिलेत. एकदा पास व्हा, मग सोडा ती काडी.”

“दोन दिवस अजून ती काडी हातात धरली तर हात कुणीकडं जाईल, मला सांगता येत न्हाई. आज मोजा गेला.” त्याने कंट्रोलरची वायर गुंडाळली आणि तो मला दिला. “घेऊन जा हे. निळा शर्ट नसला तरी चालतंय.” वहिनी उठून आत गेली आणि बराच वेळ आतच होती. तिला किती हवा होता तो शर्ट, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा मीच लॅपटॉप घेऊन बसले होते. पुन्हा तेच कार्पेट, बाहेर शूजची तीच रांग. दादाचं नाव तीनदा पुकारलं. तो पहिल्या शिफ्टला होता, त्याच इमारतीच्या पलीकडच्या बाजूला. मी ‘गैरहजर’ वर टिचकी मारली. पुढे कारण निवडायचं होतं. पर्याय आमचेच होते. आजारी, रजेवर, इच्छा नाही, इतर.

अधिकारी माझ्या खांद्यावरून बघत होते. “तो मागच्या वेळचा पाय आपटणारा ना? घाबरला असेल. ‘इच्छा नाही’ टाका.”

मी ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं, ‘खऱ्या गाडीवर हात चुकायला नको म्हणून आला नाही.’

“हे काय लिहिलंत? काढा ते. असं कारण नसतं.”

“असतं,” मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला होता की रांगेतली माणसं गप्प झाली. मी पर्समधून दादाने घरी आणलेला तो मोजा काढला आणि त्यांच्या घड्याळाच्या हातापुढे ठेवला. “यातला हात जाता जाता राहिला, या काडीच्या सवयीने. ते कारण काढणार नाही मी. तो पाय आपटणारा माझा दादा आहे.”

ते मोज्याकडे बघत राहिले. भिंतीपलीकडून हॉर्न ऐकू आला, वळणावर देतात तसा, दोनदा. मी ‘जतन करा’ दाबलं.